जुना पेजमेकर, नवी कचेरी

पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतून, आणि विशेषतः अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांतून, अक्षरजुळणीची, म्हणजे ज्यांना आता सर्वजण डीटीपी म्हणतात ती, जी लहानलहान दुकाने आहेत, त्यांपैकी एखाद्यात शिरले असता, नव्या पातळ पडद्याच्या संगणकाशेजारी पिवळट पडलेला एक जुना संगणक चालू स्थितीत राखलेला आढळण्याचा संभव आजही पुष्कळ असतो. त्याला इंटरनेटची तार जोडलेली नसते, त्यावर नवशिक्याला बसू दिले जात नाही, आणि त्याची हार्ड डिस्क एखाद्या दिवशी बंद पडेल ही धास्ती मालकाच्या मनातून जात नाही. त्यात विंडोज एक्सपी असते आणि तिच्यावर पाने जुळवणारा पेजमेकर. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. पेजमेकरची सातवी आणि अखेरची आवृत्ती अडोबीने २००१ साली काढली. आणि तरीही ही जोडी निवृत्त करता येत नाही, कारण मधल्या पंधरावीस वर्षांत जुळवलेली पुस्तके, दिवाळी अंक, गौरवग्रंथ आणि पंचांगे तिच्या हवाली आहेत. १९९८ सालच्या एखाद्या ग्रंथाची नवी आवृत्ती काढण्याचे प्रकाशकाच्या मनात आले की, सगळी पाने फाइलीत जशीच्या तशी असूनही, नव्या यंत्रावर ती उघडत नाहीत. अथवा उघडलीच तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन सडा पसरलेला दिसतो.

यातील कोडे असे की, छापखान्यातले शिशाचे खिळे झिजतात, लोखंडी यंत्र गंजते, परंतु आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, हा केवळ आकड्यांचा संच असल्यामुळे त्याला झीज ठाऊकच नाही. सीडीवरील एकही आकडा पंचवीस वर्षांत बदललेला नसताना, पूर्वी चालणारी वस्तू आता का चालू नये? उत्तर थोडक्यात असे की, प्रोग्रॅम बदललेला नाही हेच त्याचे दुखणे आहे. बदलले आहे ते त्याच्या भोवतीचे सारे.

अर्जदार आणि कचेरी

पेजमेकर पडद्यावर रेघ काढतो, असे आपण म्हणतो. वस्तुतः तो काहीच काढीत नाही. पडदा, कळफलक, डिस्क, छपाईयंत्र यांपैकी कशालाही परस्पर हात लावण्याचा त्याला अधिकार नसतो. तो अधिकार ऑपरेटिंग सिस्टिमचा, म्हणजे विंडोजचा. हा व्यवहार समजण्यासाठी मामलेदार कचेरीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पेजमेकर हा अर्जदार. विंडोज ही कचेरी. "अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत रेघ काढावी", "ही फाइल डिस्कवर ठेवावी", "या फॉन्टमधील शहाण्णवावे अक्षर येथे उमटवावे" असे अर्ज तो सेकंदाला हजारोंनी करतो, आणि प्रत्येक अर्जाचा विहित नमुना ठरलेला असतो. पेजमेकर लिहिणाऱ्यांनी ते नमुने १९९० ते २००१ या काळातल्या कचेरीत पाहून पाठ केले. पुढे कचेरीची इमारत बदलली, काही खिडक्या बंद झाल्या, काही अर्जांना नवे दाखले जोडण्याचा शिरस्ता पडला, आणि पूर्वी ज्या दालनात कोणीही मोकळेपणाने शिरत असे तेथे पहारा बसला. अर्जदार मात्र तोच, त्याचे कागद तेच. म्हणून नव्या यंत्रावर जुना प्रोग्रॅम अडला की, "तो चालत नाही" एवढ्यावर न थांबता, त्याचा कोणता अर्ज कोणत्या खिडकीवर फेटाळला गेला हे शोधणे, हीच निदानाची खरी रीत होय.

सोळा, बत्तीस आणि चौसष्ट

पहिली अडचण बहुधा दारातच येते. संगणक एका वेळी किती लांबीचा आकडा हाताळतो, त्यावरून त्याच्या पिढ्या मोजतात. सोळा बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक अशा सोळा घरांत, ६५,५३६ निरनिराळे आकडे मावतात. बत्तीस बिटांत ४,२९,४९,६७,२९६. आणि चौसष्ट बिटांत मावणारी संख्या तर व्यवहारात संपणारी नव्हे. १९९२ सालची विंडोज ३.१ ही सोळा बिटांच्या पिढीची. विंडोज ९५ पासून बत्तीस बिटांचा अंमल सुरू झाला. आणि २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ तर केवळ चौसष्ट बिटांचीच मिळते. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये बत्तीस बिटांच्या प्रोग्रॅमांसाठी स्वतंत्र व्यवस्था राखलेली आहे. सोळा बिटांच्या प्रोग्रॅमांसाठी ती नाही.

त्यातून एक चमत्कारिक स्थिती उद्भवते. त्या काळातले कित्येक प्रोग्रॅम स्वतः बत्तीस बिटांचे असून त्यांना संगणकात बसवणारा सेटअप तेवढा सोळा बिटांचा होता, कारण तो जुन्यानव्या सर्व यंत्रांवर चालावा असा उत्पादकांचा हेतू होता. परिणामी आत जाऊन सुखाने राहू शकला असता असा प्रोग्रॅम, केवळ त्याला आत नेणारा वाटेतच अडल्यामुळे, बाहेर राहतो. "सीडीच चालत नाही" ही दुकानदारांची तक्रार पुष्कळदा याच प्रकारची असते, आणि प्रोग्रॅम निरुपयोगी झाला अशी समजूत करून घेण्याआधी हा भेद तपासून पाहणे अगत्याचे आहे.

दुसरा प्रकार याहून विलक्षण. एक टेराबाइटची, जवळजवळ रिकामी डिस्क असताना सेटअप सांगतो की, डिस्कवर जागा नाही. कारण असे की, बत्तीस बिटांपैकी एक बिट ऋण-धन चिन्हासाठी खर्ची घातला की उरलेल्यांत २,१४,७४,८३,६४७ याहून मोठा आकडा लिहिता येत नाही; दोन गिगाबाइटांहून मोठी मोकळी जागा कधी कोणाजवळ असेल हे ज्यांच्या कल्पनेत नव्हते त्यांनी लिहिलेला हिशेब, मोठा आकडा आला की उलटतो, आणि विपुलता त्याला ऋण दिसू लागते.

दाराशी बसलेला कारकून

अशा अडचणी मायक्रोसॉफ्टलाही ठाऊक आहेत, आणि त्यांवर तिने केलेली तजवीज मोठी मनोरंजक आहे. प्रोग्रॅमच्या चिन्हावर उजवी कळ दाबून गुणधर्मांच्या चौकटीत "कंपॅटिबिलिटी" नावाचे पान उघडले की, हा प्रोग्रॅम अमुक जुन्या विंडोजप्रमाणे चालवावा असे सांगता येते. ते सांगितल्याने विंडोज स्वतः जुनी होत नाही. होते एवढेच की, अर्जदार आणि खिडकी यांच्यामध्ये एक कारकून बसवला जातो. तो जुन्या नमुन्यातला अर्ज घेऊन नव्या नमुन्यात उतरवतो, आणि आलेले उत्तर जुन्याला समजेल अशा बेताने परत देतो. डिस्कवर मोकळी जागा किती, असे विचारले असता, प्रत्यक्षात पाचशे गिगाबाइट असली तरी, "दोन गिगाबाइट" असे तो सांगतो, आणि सेटअपचे समाधान होते.

कित्येक प्रोग्रॅम सुरू होताना विंडोजचा आवृत्तिक्रमांक विचारतात. एक्सपीचा अंतर्गत क्रमांक ५.१ होता. "मुख्य अंक निदान पाच आणि पोटअंक निदान एक असावा" अशी घाईने लिहिलेली तपासणी पुष्कळ प्रोग्रॅमांत होती. नंतर आलेल्या व्हिस्टाचा क्रमांक ६.०, त्यातला पोटअंक शून्य, सबब नवी विंडोज जुन्याहून जुनी ठरली आणि प्रोग्रॅमने चालण्यास नकार दिला. तो कारकून अशा वेळी "मी एक्सपीच आहे" असे खुशाल सांगतो. मला ही योजना मनापासून आवडते: कचेरीने आपला बंदोबस्त सैल केला नाही, अर्जदाराला आपले कागद बदलावे लागले नाहीत, आणि काम झाले.

पहारा बसल्यावर

एक्सपीच्या काळात घरोघरी आणि दुकानोदुकानी संगणक वापरणारा मनुष्य हाच त्याचा सर्वाधिकारी असे. त्यामुळे प्रोग्रॅमही आपल्या आवडीनिवडींची नोंद, तात्पुरत्या फाइली, शब्दसूची असे सर्व काही आपल्याच फोल्डरात लिहीत. विषाणूंनी याच मोकळीकीचा फायदा घेतला, म्हणून जानेवारी २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून तेथे लिहिण्यास मज्जाव झाला. परंतु एकदम नकार दिला तर हजारो जुने प्रोग्रॅम कोलमडतील, हे जाणून विंडोजने एक वळसा काढला: जुन्या प्रोग्रॅमने लिहिलेले कागद ती घेते, पण मुख्य दप्तरात न ठेवता त्या त्या वापरकर्त्याच्या खाजगी कप्प्यात ठेवते, आणि प्रोग्रॅमला मात्र ते मूळ जागीच असल्याचे भासवते. ज्या दुकानात सकाळी एक ऑपरेटर आणि सायंकाळी दुसरा, आपापल्या नावाने, त्याच यंत्रावर बसतो, तेथे एकाने केलेली मांडणी दुसऱ्याला दिसत नाही आणि दोघांत विनाकारण वाद होतो, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते. जुना प्रोग्रॅम संरक्षित फोल्डरात न बसवता डिस्कवर स्वतंत्र फोल्डर करून तेथे बसवला, तर ही सारी भानगड टळते.

चौकट: दुखणे कोठे आहे?
सेटअपच सुरू होत नसेल तर सोळा बिटांचा संशय घ्यावा. सेटअप चालून जागेची किंवा आवृत्तीची सबब सांगितली जात असेल तर कंपॅटिबिलिटीचे पान उघडावे. प्रोग्रॅम उघडतो पण केलेले बदल हरवतात, तेव्हा परवानगीचा प्रश्न असतो. "कुलूप सापडत नाही" असा संदेश आला तर दोष ड्रायव्हरचा (या दोन्हींविषयी पुढे). पाने उघडली, चित्रे आणि रकाने जागच्या जागी आहेत, परंतु अक्षरे अगम्य आहेत, तर प्रोग्रॅमला दोष न देता फॉन्टकडे वळावे.

न उघडणारे कुलूप

मराठी जुळणीच्या पुष्कळ संचांबरोबर एक लहानशी डबी येत असे. ती संगणकाच्या मागील पंचवीस टाचण्यांच्या, छपाईयंत्राच्या खोबणीत, आणि पुढे यूएसबीत खोचावी लागे. तिला डोंगल किंवा नुसते लॉक म्हणत. चोरून नकला होऊ नयेत म्हणून प्रोग्रॅम अधूनमधून त्या डबीला विचारणा करी, आणि उत्तर न आल्यास काम थांबवी.

ही विचारणा ड्रायव्हर नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅममार्फत होते. इतर प्रोग्रॅम कचेरीबाहेरचे अर्जदार. ड्रायव्हर मात्र थेट आतल्या दालनात बसतो. म्हणूनच त्याच्याबद्दलचे नियम कडक आहेत. चौसष्ट बिटांच्या विंडोजच्या अंतर्भागात बत्तीस बिटांचा ड्रायव्हर शिरूच शकत नाही, आणि चौसष्ट बिटांचा असला तरी त्यावर अधिकृत सही असावी लागते. दाराशी बसलेल्या त्या कारकुनाचा येथे काहीही उपयोग होत नाही. तात्पर्य, रीतसर पैसे मोजून घेतलेला संच, त्याची अस्सल डबी हाती असूनही, केवळ तिच्या उत्पादकाने नवा ड्रायव्हर काढला नाही म्हणून बंद पडतो. ज्याने प्रामाणिकपणे विकत घेतले त्याच्यावरच हा प्रसंग यावा, ही गोष्ट मला आजही अन्यायाची वाटते.

मराठी अक्षरे कोठे गेली?

आता खऱ्या गाभ्याकडे येऊ. इंग्रजी मजकुराची जुनी पेजमेकर-फाइल नव्या प्रोग्रॅमात उघडली की शब्द वाचता येतात. मराठीची उघडली तर येत नाहीत. त्याचे कारण समजण्यासाठी पुण्यातच घडलेल्या इतिहासाचा थोडा मागोवा घ्यावा लागतो. १९८८ साली पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात, सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि कानपूरच्या आयआयटीत आरंभलेले "जिस्ट" हे भारतीय लिप्यांचे तंत्र तेथे वाढीस लागले. पुढे तिचे आयएसएम आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी हे संच महाराष्ट्रभर पसरले. पेजमेकरला देवनागरीचा गंधही नव्हता. तरीही या मंडळींनी त्याच्याकडून उत्तम मराठी जुळणी करवून घेतली, आणि ज्या युक्तीने करवून घेतली तिचे मला कौतुक वाटते.

युक्ती अशी. त्या काळच्या फॉन्टमध्ये अक्षरांसाठी एकंदर २५६ क्रमांक असत, आणि कोणत्या क्रमांकाला कोणती आकृती दाखवायची हे फॉन्ट ठरवी. रोमन फॉन्टात ९७ या क्रमांकावर लहान "ए" असतो. मराठी फॉन्ट करणाऱ्याने तेथे खुशाल एखाद्या व्यंजनाची, मात्रेची अथवा अर्ध्या अक्षराची आकृती बसवली. पेजमेकर समजे की, तो रोमन मजकूर मांडीत आहे. पडद्यावर आणि कागदावर उमटे मराठी. परंतु काही क्रमांक नियंत्रणासाठी राखीव असल्यामुळे सगळे २५६ हाती येत नसत, आणि जोडाक्षरे, रफार, रुकार, वेलांट्या यांचा पसारा तर मोठा. म्हणून प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने वाटणी केली. एका कंपनीच्या फॉन्टात जेथे "क", तेथे दुसरीच्या फॉन्टात आणखी काही. यास्तव मूळ फॉन्ट हरवला की फाइलीत उरतात ते निव्वळ क्रमांक, आणि त्यांचा अर्थ लावण्याची किल्ली नाहीशी होते.

नव्या संगणकावर फॉन्ट असूनही अक्षरे गळतात, त्याला आणखी एक कारण आहे. आजचे प्रोग्रॅम प्रत्येक क्रमांकाकडे "ही कोणती आकृती" एवढ्याच दृष्टीने पाहत नाहीत. "हे कोणते अक्षर" असेही विचारतात. जुन्या पाश्चात्त्य तक्त्यात १६० हा क्रमांक न तुटणाऱ्या मोकळ्या जागेचा आणि १७३ हा ओळीच्या शेवटीच दिसणाऱ्या ऐच्छिक संयोगचिन्हाचा. मराठी फॉन्टकाराने तेथे एखादे जोडाक्षर ठेवले असेल, तर नवा प्रोग्रॅम त्याला मोकळी जागा समजतो किंवा अदृश्यच करून टाकतो. साधे अवतरणचिन्ह आपोआप गोलसर करण्याची जी सोय इंग्रजीत सुखकारक वाटते, ती येथे एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर आणते. विंडोज १० आणि ११ मध्ये, युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीचा सामायिक तक्ता, न वापरणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी त्याचीच यूटीएफ-८ ही लेखनपद्धत वापरावी अशी एक खूण करता येते. ती चुकून केलेली असेल तर १२७ च्या पुढील सर्व क्रमांक अवैध ठरतात, आणि चांगले चालणारे मराठी एका रात्रीत विस्कटते. अक्षरे अचानक बिघडली असतील तर ही खूण आधी पाहावी.

याउलट युनिकोडमध्ये क्रमांक आकृतीला दिलेला नसून अक्षराला दिलेला आहे. १९९१ मध्ये आलेल्या या तक्त्यातील देवनागरीची मांडणी, १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतावर आधारलेली आहे. देवनागरीच्या मुख्य विभागाला त्यात १२८ घरे आहेत, आणि जोडाक्षरे कशी दिसावीत हे फॉन्ट व विंडोज मिळून उच्चाराच्या क्रमावरून ठरवतात. विंडोज २००० पासून ही सोय आली. तिच्याबरोबर आलेला "मंगल" हा फॉन्ट र. कृ. जोशी या आपल्या थोर अक्षरकाराने रेखलेला. जुन्या पद्धतीत "किती" लिहिताना पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून फाइलीतही आधी येई आणि "क" नंतर. युनिकोडात "क" आधी, वेलांटी नंतर. "धर्म" मध्ये जुना रफार "म" च्या नंतर. युनिकोडात "र" आपल्या उच्चाराच्या जागी, "म" च्या आधी. जुन्या मजकुराला केवळ नवा फॉन्ट लावून तो मराठी होत नाही, कारण क्रमांकही बदलायचे असतात आणि क्रमही.

यंत्रात यंत्र

एवढ्या सगळ्या खिडक्यांवर वेगवेगळे झगडण्यापेक्षा जुनी कचेरीच सगळी उभी करावी, हा सर्वांत भक्कम उपाय. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात: नव्या संगणकात एक प्रोग्रॅम चालतो, तो काल्पनिक प्रोसेसर, काल्पनिक डिस्क आणि काल्पनिक पडदा असलेला एक पूर्ण संगणक निर्माण करतो, आणि त्यात खरीखुरी एक्सपी, पेजमेकर व फॉन्ट बसवता येतात. विंडोज ७ च्या व्यावसायिक आवृत्तीबरोबर मायक्रोसॉफ्टनेच अशी एक्सपी दिली होती. आता व्हर्च्युअलबॉक्ससारखे प्रोग्रॅम हे काम करतात. मोठा लाभ असा की, हा सारा संगणक म्हणजे डिस्कवरील मूठभर फाइली. त्यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवली की त्या पिवळट यंत्राच्या मरणाची भीती उरत नाही. यूएसबीचे कुलूप बहुधा आत पोहोचवता येते; जुन्या पंचवीस टाचण्यांच्या कुलपाचे मात्र कठीण. या आतल्या एक्सपीला इंटरनेट मुळीच देऊ नये, कारण २०१४ पासून तिची भोके नियमाने बुजवणारा कोणी नाही. फाइलींची देवघेव एका सामायिक फोल्डरातून करावी. छपाईसाठी आत पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे छपाईयंत्राच्या भाषेतली, फाइल करून बाहेर तिची पीडीएफ बनवली, आणि फॉन्ट तीत गुंफले, की प्लेट करणाऱ्याला काही अडचण येत नाही.

परंतु पीडीएफमध्ये वाचतो तो अक्षरांचा आकार. मजकूर वाचत नाही. त्यात शब्द शोधता येत नाही, चूक सुधारता येत नाही, ई-पुस्तक करता येत नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, जुना पेजमेकर नव्या यंत्रावर चालवण्याची खटपट अवश्य करावी, पण ती त्यातच वर्षानुवर्षे काम करीत राहण्यासाठी नव्हे, तर त्यातला मजकूर एकदाचा युनिकोडात बाहेर काढण्यासाठी. त्या त्या कंपनीच्या फॉन्टसाठी रूपांतर करणारे प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. ते क्रमांक बदलतात, वेलांटी व रफार योग्य जागी हलवतात, आणि बहुतेक मजकूर बिनचूक आणतात. उरलेल्याचे मुद्रितशोधन मूळ पान शेजारी ठेवूनच करावे लागते. म्हणून मूळ पान डोळ्यांनी पाहता येते आहे तोपर्यंतच हे काम उरकले पाहिजे.

या मुद्रितशोधनात मराठीच्या खास जागा आधी पाहाव्यात. "दुसऱ्या", "तऱ्हा", "वाऱ्यावर" यांतील अर्धचंद्रासारखा "र" हिंदीसाठी लिहिलेल्या नियमांना ठाऊक नसतो आणि त्याचा सर्रास रफार होतो. "ॲ" ला युनिकोडात स्वतंत्र घर २००८ साली मिळाले. त्यापूर्वीची रूपांतरे "अ" वर चंद्र जोडून काम भागवीत, म्हणून एकाच पुस्तकात दोन्ही प्रकार आले तर शोधताना निम्मे शब्द सापडत नाहीत. रफार असलेला शब्द ओळीच्या शेवटी तुटलेला असेल तर त्याचा "र" भलत्याच अक्षराशी जोडला जातो. संस्कृत उद्धृते असलेल्या ग्रंथांत दुर्मीळ जोडाक्षरे दुसऱ्याच, पूरक फॉन्टात ठेवलेली असतात, आणि रूपांतर करताना तो फॉन्ट विसरला गेला तर ती अक्षरे मागमूस न ठेवता गळतात. ही यादी ज्यांना तोंडपाठ आहे ते जुने ऑपरेटर अजून पेठांतून कामावर आहेत. प्रकाशकांनी त्यांना रीतसर मेहनताना देऊन आपल्या जुन्या फाइली त्यांच्या स्वाधीन कराव्यात, आणि सुरुवात ज्यांच्या छापील प्रती बाजारात उरलेल्या नाहीत अशा पुस्तकांपासून करावी.